भिंतीचा ताळेबंद : खराब झालेल्या वॉलपेपरवर रंग देण्यापूर्वी

भाद्रपद सरत आला, पावसाचा जोर ओसरला, की व्यापारी कुटुंबांत दोन याद्या एकाच वेळी तयार होऊ लागतात. एक दुकानात भरावयाच्या मालाची आणि दुसरी घर व दुकान यांच्या रंगरंगोटीची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वह्या मांडल्या जातील त्या वेळी भिंती स्वच्छ व प्रसन्न दिसाव्यात, ही इच्छा स्वाभाविक आहे. पूर्वी हे काम सोपे होते. जुना चुना किंवा डिस्टेंपर खरवडला, वरून दोन हात मारले, की झाले. आता मात्र अनेक दिवाणखान्यांत, दुकानाच्या गल्ल्यामागे आणि शोरूमच्या दर्शनी भिंतीवर वॉलपेपर आहे. लावला तेव्हा तो दृष्ट लागण्यासारखा दिसत होता. पाच-सात पावसाळ्यांनंतर त्याचे सांधे उघडतात, खालच्या कडा वळतात, कपाट सरकवताना एखादा लांब ओरखडा उठतो आणि कोपऱ्यात फुगे धरतात. तसाच वॉलपेपर पुन्हा मिळत नाही, कारण ते डिझाइन केव्हाच बंद झालेले असते.

अशा वेळी रंगारी सहजपणे सांगतो, ‘शेठ, काढायची गरज नाही. वरूनच दोन हात मारू.’ मालकालाही ते सोयीचे वाटते, कारण धूळ नाही, खरवड नाही, दुकान बंद ठेवणे नाही. निर्णय दोन मिनिटांत होतो. दिवाळीला भिंत झकास दिसते आणि पुढील पावसाळ्यात सगळा रंग कागदासकट पापुद्र्यांनी खाली येतो. मग कागद, रंग आणि त्याखालची लांबी अशा तिहेरी कामाचा खर्च करावा लागतो.

वॉलपेपरवर रंग देणे हे मुळात चुकीचे नाही. काही भिंतींच्या बाबतीत तोच शहाणपणाचा मार्ग असतो. मात्र त्यापूर्वीची तपासणी आणि डागडुजी हाच त्या कामाचा खरा भाग आहे. रंग हा शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा. ताळेबंदावर सही करण्यापूर्वी लेखापरीक्षक जसा प्रत्येक शिलकेचा आधार पाहतो, तसाच भिंतीचाही आधार पाहावा लागतो.

कागदाच्या आत काय असते?

बाजारात सर्वाधिक चालणारा वॉलपेपर विनाइलचा असतो. खाली कागदाचा किंवा न विणलेल्या तंतूंचा पाठथर, त्यावर छपाई आणि त्यावर विनाइलचा पातळ पडदा, अशी त्याची रचना असते. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा रोल साधारण २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. म्हणजे एका रोलमध्ये सुमारे ५७ चौरस फूट कागद येतो. भिंतीवर तो चिकटवण्यासाठी जी खळ वापरतात ती बहुधा पिष्टाची किंवा वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेली असते. ही खळ पाण्यात विरघळते. कारागिराला पट्टा सरकवून नक्षी जुळवता यावी आणि पुढे कागद काढता यावा, म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते.

सर्व अडचणीचे मूळ येथेच आहे. आजचे इमल्शन रंग पाण्यात कालवलेले असतात. असा रंग थेट वॉलपेपरवर दिला, की त्यातील पाणी सांध्यांतून व फाटलेल्या जागांतून आत शिरते आणि खळ पुन्हा ओली होते. कागद फुगतो, कडा सुटतात. शिवाय सुकताना रंगाचा थर किंचित आकसतो आणि सैल झालेल्या कडांना आपल्याकडे ओढतो. जेथे पकड आधीच कमकुवत असते, तेथे हा ताण कागद उचलून धरतो. म्हणूनच डागडुजीचे संपूर्ण शास्त्र दोन वाक्यांत सांगता येते : सुटलेले सर्व घट्ट करावे, आणि पाण्याला आत जाण्यास वाव ठेवू नये.

एक धडा इतिहासातला

भिंतीवरचा कागद ही युरोपात एके काळी मोठी चैन होती. इंग्लंडने १७१२ साली नक्षीच्या कागदावर कर बसवला आणि तो १८३६ साली उठवला. करातून वाचण्यासाठी लोक साधा कागद विकत घेत आणि भिंतीवर लावल्यानंतर त्यावर ठशांनी नक्षी काढून घेत. कर आणि करदाता यांचा हा खेळ व्यापाऱ्यांना नवा वाटणार नाही.

त्याच काळातील दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमारास एक चमकदार हिरवा रंग तयार केला. तो तांबे आणि सोमल यांच्या संयुगापासून बनत असे. पुढे वॉलपेपरच्या छपाईत तो आणि त्याच जातीचे इतर हिरवे रंग सर्रास वापरले गेले. ओलसर खोल्यांत राहणारी माणसे आजारी पडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ओलाव्यात वाढणाऱ्या काही बुरशी अशा रंगद्रव्यातील सोमलापासून वायू निर्माण करतात. आजच्या वॉलपेपरमध्ये सोमल नाही. तरीही ओल, पिष्टाची खळ आणि बंद जागा एकत्र आल्या की भिंतीमागे काहीतरी वाढू लागते, हा त्यातील धडा कायम आहे.

पहिला प्रश्न ओलीचा

महाराष्ट्रात पावसाचे वारे प्रामुख्याने नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येतात. त्यामुळे इमारतीच्या त्या बाजूच्या भिंतींना पावसाचा मारा अधिक बसतो. गिलाव्याला बारीक भेगा असल्या, खिडकीच्या चौकटीभोवतीची सांधभरणी सुटली असली, की पाणी आत झिरपते. स्नानगृहाला लागून असलेली भिंत, वातानुकूलन यंत्राच्या नळीजवळचा कोपरा आणि गच्चीखालच्या छताची कडा ही आणखी तीन संशयाची ठिकाणे. विनाइलचा पडदा पाणी बाहेर येऊ देत नाही; म्हणून ओल भिंतीतच अडकून राहते आणि बाहेरून फक्त एखादा फुगा किंवा पिवळसर डाग दिसतो.

तपासणी सोपी आहे. कपाटामागे किंवा दाराआड, जेथे नजर जात नाही अशा ठिकाणी, एक फूट लांब-रुंद चौकोन धारदार पात्याने कापून वॉलपेपर काढावा. उघड्या झालेल्या भिंतीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावावा आणि चोवीस तास तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर खोलीतील हवेतच दमटपणा आहे आणि वायुवीजन सुधारायला हवे. कापलेल्या जागी भिंतीला पांढरा लोणा लागलेला दिसला, वास कुबट आला किंवा कागदाच्या पाठीवर काळे ठिपके आढळले, तर प्लॅस्टिकचीही गरज नाही. उत्तर मिळालेले असते.

ही तपासणी पावसाळा संपता संपता करणेच इष्ट. वैशाखात गळकी भिंतसुद्धा कोरडी ठणठणीत असते आणि खोटा दिलासा देते.

ओल सापडली, तर रंगाचा विचार तेथेच थांबवावा. प्रथम बाहेरची भेग बुजवणे किंवा नळाची गळती काढणे, नंतर वॉलपेपर उतरवून भिंत वाळू देणे आणि मगच पुढचे काम. जाड भिंत वाळण्यास काही आठवडे सहज लागतात. त्यासाठी दिवाळीची तारीख चुकली तरी हरकत नाही. ती भिंत या वर्षी साध्या पडद्याने झाकून ठेवणे आणि तिच्यालगत कापडाचे वा धान्याचे गठ्ठे न लावता मध्ये वीतभर जागा सोडणे, हे रंगापेक्षा अधिक हिताचे ठरते. ओल्या भिंतीला टेकलेला माल खराब झाला, तर होणारे नुकसान रंगाच्या बिलापेक्षा कितीतरी मोठे असते.

काढावा की ठेवावा?

ओल नसेल तर दुसरा प्रश्न. वॉलपेपर काढावा की त्यावरच रंग द्यावा?

पुढील परिस्थितीत तो काढलाच पाहिजे : एकावर एक दोन-तीन थर असतील, एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग सुटला असेल, कागद कापडी किंवा चकचकीत धातुपत्राचा असेल, किंवा भिंत जुन्या चुन्याच्या गिलाव्याची असेल. या शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुणे, सोलापूर, कोल्हापूर अशा शहरांतील जुने वाडे आणि पेठांतील दुकाने यांच्या चुन्याच्या भिंती हवेतील व जमिनीतील दमटपणा शोषतात आणि सोडतात. त्या एका अर्थाने श्वास घेतात. त्यांच्यावर आधी विनाइल आणि वरून तेलाचा थर चढवणे म्हणजे त्यांचे नाक-तोंड बंद करणे होय.

उलट काही ठिकाणी वॉलपेपर ठेवणेच योग्य. दुकानातील अनेक पार्टिशने जिप्सम बोर्डची असतात. त्या बोर्डचा पृष्ठभाग कागदाचाच असतो. प्रायमर न देता त्यावर वॉलपेपर चिकटवलेला असला, तर ओढताना बोर्डचे कातडेच सोलले जाते. फ्लॅटमध्ये कच्च्या लांबीवर कागद लावलेला असतो तेथे कागदाबरोबर लांबीचे पोपडे निघतात आणि सबंध भिंत नव्याने करावी लागते. कागद घट्ट बसलेला आहे, भिंत कोरडी आहे, नुकसान फक्त सांध्यांपुरते व थोड्या ओरखड्यांपुरते आहे, अशा वेळी डागडुजी करून रंग देणे किफायतशीर ठरते. जागा भाड्याची असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी.

काढायचे ठरले, तर विनाइलचा वरचा पडदा कोपऱ्यातून उचलून, भिंतीलगत खालच्या दिशेने सावकाश ओढावा. तो बहुधा कोरडाच निघतो. मागे राहिलेला पाठथर कोमट पाण्याने भिजवून दहा-पंधरा मिनिटांनी रुंद पट्टीने खरवडावा. राहिलेली खळ स्पंजने पूर्ण धुवावी. पिष्टाची खळ उरली आहे की नाही हे पाहायचे असेल तर आयोडीनचा एक थेंब टाकावा. जागा निळी-काळी झाली तर खळ शिल्लक आहे. तीवर दिलेला रंग तडकतो.

साठ फुटांचा हिशेब

ठेवायचे ठरले, तर काम चौरस फुटांत न मोजता सांध्यांच्या लांबीत मोजावे. उदाहरणार्थ, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच भिंत घ्या. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. रंगारी याच आकड्यावर दर सांगतो. परंतु १२ फूट म्हणजे १४४ इंच. २१ इंचांचे पट्टे लावले तर सात पट्टे बसतात आणि त्यांच्यामध्ये सहा सांधे येतात. प्रत्येक सांधा १० फूट, म्हणजे एका भिंतीवर ६० फूट लांबीचा सांधा. खरी मेहनत आणि खरा धोका या ६० फुटांत आहे. कोटेशनमध्ये सांध्यांचे काम, लांबी, प्रायमर आणि रंग यांचे दर स्वतंत्र लिहून घेतले, की कोणते काम वगळले जात आहे ते लगेच दिसते.

डागडुजीचा क्रम असा असावा.

प्रथम भिंत झाडून, ओलसर कापडाने पुसावी. स्वयंपाकघरात तेलाचा थर असतो, तेथे सौम्य साबणाचे पाणी वापरून नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे. कापड पिळलेले असावे. भिंतीवरून पाणी ओघळता कामा नये. एक दिवस वाळू द्यावे.

त्यानंतर बोटांच्या पेरांनी सर्व भिंत ठोकून पाहावी. जेथे पोकळ आवाज येतो तेथे पेन्सिलीने खूण करावी. सुटलेला सांधा पातळ पट्टीने अलगद उचलून आतली धूळ मऊ ब्रशने झटकावी, सांध्यांसाठी मिळणारा चिकटद्रव बारीक ब्रशने पाठीला लावावा, कागद जागेवर बसवून छोट्या रबरी रोलरने दाबावा आणि बाहेर आलेला द्रव लगेच पुसून घ्यावा. रोलर मधून कडेकडे फिरवावा, म्हणजे आतली हवा निघून जाते.

फुग्यांसाठी धारदार पात्याने बारीक चीर द्यावी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या नव्या सिरिंजने आत चिकटद्रव सोडावा आणि ओल्या स्पंजने दाबून सपाट करावे. फाटून लोंबणारा तुकडा शाबूत असेल तर तोच पुन्हा चिकटवावा. तो कडक होऊन वळला असेल किंवा हरवला असेल, तर त्या जागेच्या फाटक्या कडा कापून सरळ कराव्यात. खड्डा नंतर लांबीने भरता येतो. एकावर एक चढलेले सांधे पात्याने कापून चढाव काढून टाकावा. हे सर्व झाल्यावर पुन्हा एक संपूर्ण दिवस थांबावे.

प्रायमर आधी, लांबी नंतर

येथे बहुतेक ठिकाणी क्रम चुकतो. घाईत आधी लांबी भरली जाते आणि मग प्रायमर दिला जातो. लांबीतही पाणी असतेच; ते उघड्या कागदात शिरून नुकताच चिकटवलेला सांधा पुन्हा सैल करते. म्हणून आधी सर्व भिंतीवर तेलाच्या जातीचा प्रायमर एक हात द्यावा. चकचकीत विनाइल असेल तर त्यापूर्वी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून चमक मारावी, म्हणजे प्रायमर धरतो. हा प्रायमर पाण्याला अडवतो आणि गडद किंवा धातुरंगी छपाई वरच्या रंगात उतरू देत नाही. डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण द्यावा. दमट हवेत त्याहून अधिक.

त्यानंतर सांधे, ओरखडे आणि खड्डे अॅक्रिलिक लांबीने पातळ थरांत भरावेत. एकच जाड थर दिला तर तो आकसून तडकतो. पांढऱ्या सिमेंटची लांबी येथे उपयोगाची नाही. तिला खनिज पृष्ठभाग लागतो, कागदावर किंवा तेलाच्या प्रायमरवर ती नीट धरत नाही. लांबी वाळल्यावर १८० आणि नंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे, धूळ पुसावी आणि लांबीच्या जागांवर पुन्हा प्रायमर द्यावा. तो न दिल्यास त्या जागा रंग जास्त शोषतात व ठिगळांसारख्या दिसतात.

उठावाची नक्षी असलेला वॉलपेपर ही वेगळी बाब. त्यावर कितीही रंग दिला तरी नक्षी उठून दिसतेच. सबंध भिंतीवर लांबीचे दोन पातळ हात फिरवल्याशिवाय ती बुजत नाही. ते करायचे नसेल तर नक्षी शोभा म्हणून तशीच ठेवावी.

रंग देण्यापूर्वी दोन फूट लांब-रुंद जागेवर नमुना द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहावे. पहिल्या हातानंतर काही बारीक फुगे दिसतात. घाबरून लगेच कापू नयेत, कारण रंग सुकल्यावर त्यांतील पुष्कळसे आपोआप बसतात. चोवीस तासांनंतरही जे राहतील तेवढेच दुरुस्त करावेत. अखेरचा रंग मंद, चमक नसलेला निवडावा. चकचकीत रंग सांध्याची प्रत्येक रेघ दाखवतो. रात्री दिवे मालवून विजेरीचा झोत भिंतीला समांतर धरला तर उंचसखल भाग लगेच कळतो. ही परीक्षा रंगाच्या आधी घ्यावी.

अहिंसक घराने विचारावयाचे प्रश्न

आहाराच्या बाबतीत घटक वाचून वस्तू घेणारी कुटुंबे रंगाच्या डब्याकडे मात्र क्वचितच त्या नजरेने पाहतात. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

डाग अडवण्यासाठी काही ठिकाणी चपडा लाखेचा प्रायमर वापरतात. लाख हा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांचा स्राव आहे. ती खरवडून, कुटून, धुताना असंख्य किडे मरतात. अल्किड जातीचा तेलाचा प्रायमर हेच काम करतो व त्यात लाख नसते. दुसरी गोष्ट सरस. तो जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. जुन्या डिस्टेंपरमध्ये व सुतारकामात तो असे. आजच्या वॉलपेपरच्या खळी बहुधा पिष्टाच्या किंवा सेल्युलोजच्या असतात, तरी पाकिटावर खात्री करून घ्यावी. तिसरी गोष्ट ब्रश. तेलरंगाचे अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे ब्रश सहज मिळतात आणि काम तितकेच स्वच्छ होते. रंगाऱ्याला आधी सांगितले तरच हे घडते. कामाच्या दिवशी तो आपले जुने ब्रश घेऊन हजर असतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बुरशीचा. ओलसर जागी धरणारी बुरशी व शेवाळ हेही जीवच, ही जाणीव जैन घरांत बालपणापासून दिली जाते आणि पावसाळ्यात अधिक यतना पाळली जाते. ओल्या कागदावर रंग दिल्याने ती थांबत नाही. पडद्याआड वाढते आणि पुढील वर्षी तीव्र रसायने वापरण्याची वेळ आणते. गळती आधीच थांबवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे, या साध्या उपायांनी तिची उत्पत्तीच टळते. येथे काटकसर आणि अहिंसा एकाच वाटेने जातात. कसरीचेही तसेच. जुन्या चोपड्या खाणारी कसर पिष्टाच्या खळीमुळेच वॉलपेपरमागे येते. कागद उचलताना ती आढळल्यास मऊ पुंजणीने अलगद बाजूला करावी आणि सांधे घट्ट बंद करावेत. खाद्य आणि वाट दोन्ही बंद झाल्यावर ती पुन्हा येत नाही.

सावधगिरी

तेलाचा प्रायमर आणि टर्पेंटाइन यांची वाफ ज्वालाग्राही असते. काम चालू असताना त्या खोलीत दिवा, उदबत्ती, धूप किंवा गॅस पेटवू नये. देवघर त्याच खोलीत असेल तर पूजेची व्यवस्था काही दिवस दुसरीकडे करावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी त्या खोलीत झोपू नये. स्विचबोर्डाभोवती पाणी किंवा चिकटद्रव लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

जुन्या इमारतींत वॉलपेपरखाली जुना तेलरंग असू शकतो आणि त्यात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. जागा ओली करून घासावी आणि मुखपट्टी वापरावी.

दिवस आणि पैसा

तपासणीस दोन दिवस, धुण्या-वाळण्यास दोन, सांधे चिकटवण्यास व सुकण्यास दोन, प्रायमरला दोन, लांबी व घासणे यांना दोन आणि रंगाच्या दोन हातांना दोन. नमुना पाहण्याचे दिवस धरले तर एका खोलीस सुमारे पंधरा दिवस लागतात, जरी प्रत्यक्ष हाताचे काम त्याच्या एकतृतीयांशही नसते. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. म्हणजे दसऱ्याच्या मुहूर्तावर काम सुरू झाले तरच ते वेळेत आणि नीट होते. धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात ‘दोन दिवसांत करून देतो’ असे सांगणारा कारागीर सुकण्याचा वेळ गाळत असतो.

पैशाची व्यवस्थाही त्याला अनुरूप ठेवावी. सर्व रक्कम रंग संपताच न देता थोडा भाग दहा-बारा दिवस राखून ठेवावा, कारण फुगे आणि सुटलेल्या कडा तेवढ्या काळात दिसून येतात. तसे आधीच ठरवून लिहून ठेवल्यास कारागिरालाही ते खटकत नाही. दुकानाच्या भिंतींची अशी डागडुजी सर्वसाधारणपणे चालू दुरुस्तीच्या खर्चात मोडते. म्हणून बिल पेढीच्या नावे, तारखेसह आणि घराच्या कामापासून स्वतंत्र घ्यावे. घर आणि दुकान यांची एकत्र पावती वर्षअखेरीस हिशेबनीसाला व सनदी लेखापालाला नाहक त्रास देते.

बुडीत येण्याकडे डोळेझाक करून नफा दाखवणारी पेढी पाहणाऱ्याला काही काळ भरभराटीची वाटते. ओल झाकून रंगवलेली भिंतही तशीच. येणे वेळीच ओळखून तरतूद केली तर पेढी टिकते. एक फूट कागद कापून आत पाहिले तर भिंत टिकते. यंदा रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी कपाट थोडे सरकवून तो एक चौकोन कापून पाहावा. त्यानंतर काय करायचे ते भिंतच सांगते.